आधी भोकाचे मीटर मोजा, मशीनचं नंतर बघू

आमच्या परसात बोअर मारली त्या दिवशी गावाकडून, सांगली जिल्ह्यातल्या जतहून, आण्णांचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन बोअरच्या गाडीकडे वळवला. गाडी बघताच त्यांनी विचारलं, "किती इंची पाणी लागलं?"

म्हटलं, "आण्णा, पाण्यासाठी नाही मारली."

"मग?"

"घर गरम करायला."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "जमीन पेटवणार काय गं?"

आम्ही वेस्तेरोसला राहतो. स्टॉकहोमच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, मेलारेन तळ्याच्या काठी. घर १९७४ सालचं, बैठं, वर पोटमाळ्यात दोन खोल्या. २०२१च्या सप्टेंबरात आम्ही विजेचा बॉयलर काढून जमिनीतल्या उबेवर चालणारा हीट पंप बसवला. इथे त्याला बेर्यवेर्मे म्हणतात, म्हणजे खडकाची ऊब. स्वीडनमध्ये जमिनीतून ऊब घेणारे असे पाच लाखांहून जास्त पंप आहेत, त्यामुळे इथल्या लोकांना त्याचं काही अप्रूप नाही. पण आपल्याकडून आलेले लोक इथे घर घेतात आणि मग मला फोन करतात. दर वेळी तेच सांगते, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आण्णांना समजावलं ते असं. थंडीच्या दिवसांत पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं, वैशाखात तेच गार लागतं. पाणी बदलत नाही, वरची हवा बदलते. दहा-पंधरा मीटरच्या खाली जमिनीला ऋतू कळत नाहीत, तिथलं तापमान त्या गावाच्या वर्षाच्या सरासरीइतकं असतं. जतला ते पंचविसाच्या पुढे, आमच्याकडे सात-आठ अंश. आता सात अंशांच्या खडकातून एकवीस अंशांची खोली कशी तापवायची? तर फ्रिजच्या मागे हात लावून बघा. फ्रीजरच्या आत उणे अठरा असतं, तरी मागची जाळी गरम लागते, कारण आतली उष्णता उपसून ती मागे टाकली जाते. आम्ही अख्ख्या खडकाचा फ्रिज केलाय आणि त्याच्या मागच्या जाळीवर आमचं घर बसलंय. ही युक्ती तशी जुनी. जमिनीतून उष्णता घ्यायच्या पंपाचं पेटंट हाइनरिख झोएली नावाच्या स्विस माणसाने १९१२ सालीच घेतलं होतं. स्वीडनमध्ये तिला जोर आला तो १९७०च्या दशकात तेल महागल्यावर.

आधी घर बघा

तुमच्या घरात पाण्यावर चालणारे रेडिएटर किंवा फरशीखालच्या गरम पाण्याच्या नळ्या असतील तरच पुढे वाचा. प्रत्येक खिडकीखाली थेट विजेचे हीटर असतील, तर आधी घरभर पाइप फिरवावे लागतील आणि सगळं गणित बिघडेल. अशा घरात भिंतीवरचा हवेचा हीट पंप लावा, तो कितीतरी स्वस्तात होतो. घर तापवायचं गरम पाणी पाइपने शहराच्या सामायिक केंद्रातून येत असेल तरी घाई करू नका, आधी दोन्हीकडचा वर्षाचा खर्च मांडून बघा.

मग वर्षाची बिलं काढा. आमचं घर वर्षाला २९,००० युनिट वीज खायचं. त्यातले पाचेक हजार दिवे, स्वयंपाक आणि कपडे धुण्याचे. उरलेले २४,००० गरम पाणी आणि रेडिएटर यांचे. हा आकडा कागदावर असल्याशिवाय कुठल्याही कंत्राटदाराला बोलावू नका, कारण तो आकडा ज्याने विचारला नाही त्याने बोअरची खोली अंदाजपंचे ठरवलेली असते.

आणखी एक परीक्षा जुना बॉयलर असतानाच उरकून घ्या. कडाक्याच्या थंडीच्या आठवड्यात रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान पन्नास अंशांवर आणून ठेवा आणि दोन दिवस बघा. घर उबदार राहिलं तर उत्तम. आमची हॉलची खोली अठरावर अडकली. तिथले दोन जुने रेडिएटर काढून मोठे बसवले, मग आमचं अठ्ठेचाळीस अंशांत भागायला लागलं. पाणी जितकं कोमट चालेल तितका पंप स्वस्तात चालतो. एक अंश कमी केला की साधारण दोन-अडीच टक्के वीज वाचते. फरशीखाली नळ्या असलेल्या घरात पस्तीस अंशांतच भागतं, त्यांची चैन आहे.

नकाशा आणि कागद

स्वीडनच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याकडे देशभरातल्या बोअरचं दप्तर आहे. बोअर मारणाऱ्याने तिथे माहिती कळवावी असा कायदाच आहे आणि ते सगळं नकाशावर फुकट बघता येतं. आपल्या आळीवर जा आणि आसपासच्या ठिपक्यांवर टिचकी मारा. किती मीटर खोल, किती मीटरवर खडक लागला, कोणत्या साली, सगळं दिसतं. मला तर पहिल्या दिवशी हेवाच वाटला. जतला आण्णांनी चार बोअर मारल्या, त्या प्रत्येक वेळी पाणाड्याच्या हातातल्या नारळावर विश्वास ठेवून.

ह्या नकाशाने माझे पैसे वाचवले. खडक लागेपर्यंत बोअरमध्ये पोलादी पाइप, म्हणजे केसिंग, घालावं लागतं, ते घट्ट खडकात किमान दोन मीटर शिरलं पाहिजे आणि एकूण सहा मीटरपेक्षा कमी नको, असा इथला नियम आहे. बहुतेक कोटेशनमध्ये तेवढेच सहा मीटर धरलेले असतात, पुढच्या प्रत्येक मीटरचं बिल वेगळं. आमच्या भागात वर चिकणमातीचा जाड थर आहे. शेजारच्या तीन बोअरची नोंद बघितली तर खडक बारा-तेरा मीटरवर. मी कंत्राटदाराला ते दाखवलं आणि पंधरा मीटर केसिंग कोटेशनमध्येच लिहून घेतलं. बरोबर पंधराच लागलं.

गावच्या कोम्यूनकडे, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेकडे, काम सुरू करायच्या सहा आठवडे आधी अर्ज द्यावा लागतो. सोबत नकाशावर बोअरची जागा दाखवायची. पिण्याच्या पाण्याच्या संरक्षित पट्ट्यात असाल तर रीतसर परवानगी लागते. शेजाऱ्याच्या बोअरपासून वीस मीटर अंतर हवं, नाहीतर दोघेही एकाच खडकातली ऊब ओढायला लागता. जागा कमी असेल तर बोअर तिरपी मारतात, वरून जवळ आणि खाली लांब. आमचीही थोडी तिरपी आहे.

ह्या लेखाचं मुख्य कारण

आमच्याकडे तीन कोटेशन आली होती. सगळ्यात स्वस्तात दिमाखदार मशीन होतं, रंगीत पडदा, फोनवरून चालवायची सोय. बोअर मात्र १४० मीटरची. सगळ्यात महाग असलेल्या माणसाचं मशीन साधं होतं आणि बोअर १८० मीटरची. नवऱ्याचा कल पहिल्याकडे. मी सहीसाठी पेन उचललं होतं, खोटं कशाला सांगू.

वाचवलं शेजारच्या आजोबांनी. त्यांचं घर आमच्यासारखंच, त्याच बिल्डरचं, त्याच सालचं. बोअर १९९०च्या दशकातली, ११० मीटर. जुना पंप मोडला म्हणून त्यांनी नवा आणला, कितीतरी जास्त कार्यक्षम. पहिली दोन वर्षं खूश होते. तिसऱ्या फेब्रुवारीत बोअरमध्ये सोडलेल्या नळीतून फिरून येणारा द्रव उणे सहावर गेला, पंपाने हात टेकले आणि मशीनच्या आतला मदतीचा विजेचा हीटर चालू झाला. बिल जुन्या पंपाच्या काळापेक्षा जास्त आलं.

चांगला पंप आणून वाईट कसं झालं? हिशोब मांडून बघा. घराला हवेत २४,००० युनिट. जुना पंप एक युनिट विजेवर अडीच युनिट ऊब द्यायचा, म्हणजे वीज ९,६०० आणि जमिनीतून १४,४००. नवा पंप एकावर चार देतो, म्हणजे वीज फक्त ६,००० आणि जमिनीतून १८,०००. मशीन जितकं हुशार तितकं ते जमिनीकडून जास्त मागतं. भोक तेवढंच राहिलं आणि त्यावर खाणारं तोंड वाढलं. खडक उष्णता देतो ती सावकाश. आमच्याकडच्या ग्रॅनाइटमधून मीटरमागे तीस ते पन्नास वॉट, आणि वर्षभर ओढायचं असेल तर मी तिशीच्या आसपासच राहीन.

आमचं गणित असं बसलं. पंप आठ किलोवॉटचा. त्यातले साधारण ५.९ किलोवॉट खडकातून येतात. बोअर १८० मीटर, पण पाण्याची पातळी नऊ मीटरवर, म्हणून कामाचे मीटर १७१. भागाकार केला की मीटरला साडेचौतीस वॉट. कोटेशन हातात आलं की हाच भागाकार करा. आणि हो, कोरडा भाग वजा करायचा. नळी आणि खडक यांच्यामध्ये पाणी असेल तरच उष्णता नळीपर्यंत पोचते, हवा काही कामाची नाही. तेव्हा पाणी हवंच असतं, फक्त उपसायचं नसतं. हे ऐकून आण्णा म्हणाले, "पाणी लागलंय आणि उपसायचं नाही, हे कसलं गाव!"

मशीन पंधरा-वीस वर्षांनी बदलाल. भोक तुमच्या पोरांच्याही पुढे जाईल. पैसे कमी पडत असतील तर रंगीत पडदा सोडा, मीटर सोडू नका.

बोअरचा दिवस

गाडी आपल्याकडच्यासारखीच. हवेच्या दाबाने खालच्या टोकाला हातोडा ठोकणारी तीच पद्धत, जिला आपल्याकडे डीटीएच म्हणतात. फरक एवढाच की इथे आभाळभर धुरळा उडत नाही. खडकाचा राखाडी रबडा जाड पाइपमधून थेट लोखंडी कंटेनरमध्ये जातो. तो कंटेनर कोण नेणार हे आधी विचारा. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या हिरवळीवर तो रबडा दोन महिने पडून होता, सिमेंटसारखा घट्ट झाला. हिरवळीवरून गाडीचे पट्टे जाणार तिथे फळ्या टाका आणि कार दुसऱ्या आळीत लावा. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी चिठ्ठी द्या, आवाज दिवसभर असतो.

सकाळी सातला सुरू केलं, केसिंगमध्ये दुपार गेली. दुसऱ्या दिवशी साठेक मीटरवर पाणी फुटलं आणि कंटेनर भराभर भरायला लागला. संध्याकाळपर्यंत १८० मीटर झाले. तिसऱ्या दिवशी चाळीस मिलिमीटरची काळी प्लास्टिकची नळी, खाली वजन बांधून, पाण्याने भरून आत सोडली. ती जाते, तळाशी वळते आणि परत वर येते. मग दाबाची परीक्षा घेतली. ती तुमच्यासमोर घ्यायला सांगा. शेवटी नळीत पाणी आणि अल्कोहोल यांचं मिश्रण भरलं, उण्यातही गोठू नये म्हणून. सुमारे साडेतीनशे लिटर. परसात देशी दारूच्या गुत्त्यासारखा वास सुटला.

बोअर मारणारा जाताना नोंदीचा कागद देतो. खोली, केसिंग, पाण्याची पातळी, किती मीटरवर पाणी लागलं, सगळं त्यात असतं. तो कागद घराच्या कागदपत्रांत ठेवा. पंधरा वर्षांनी नवा पंप घ्याल तेव्हा तोच लागेल.

घरातलं काम दोन दिवसांचं. मशीन उंच फ्रिजएवढं, पोटात गरम पाण्याची १८० लिटरची टाकी. आतमध्ये पातळ पन्हाळीदार पत्र्यांची चवड असते, तिच्या एका बाजूने बोअरमधला द्रव जातो आणि दुसऱ्या बाजूला गॅस उकळतो. असले पत्रे बनवणाऱ्या स्वीडिश अल्फा लावलचा कारखाना पुण्यात दापोडीला आहे. कॉलेजला असताना रोज बसमधून त्याची पाटी वाचायचे, तिथे नक्की काय बनतं हे वेस्तेरोसला येऊन कळलं.

एकूण बिल १,६५,००० स्वीडिश क्रोनर. त्यात मजुरी ५८,०००. इथे घरदुरुस्तीच्या मजुरीवर करात सवलत मिळते, तेव्हा ३० टक्के होती, म्हणजे १७,४०० सुटले. ही सवलत कंत्राटदार बिलातच वजा करतो, तसं लिहून घ्या. पहिल्या पूर्ण वर्षात पंपाने ७,००० युनिट खाल्ले, म्हणजे १७,००० वाचले. युनिटला कर आणि वहनखर्च धरून दीड क्रोनर धरला तर सहा वर्षांत पैसे वसूल. २०२२च्या हिवाळ्यात विजेचे भाव भडकले तेव्हा ते गणित आणखी लवकर जुळलं.

पहिला हिवाळा: हात बांधून बसा

इथे मी माती खाल्ली. खोलीतून बाहेर पडताना दिवा-पंखा बंद करायचा, ह्या शिस्तीत वाढलेली मी. वापरात नसलेल्या खोल्यांचे रेडिएटर बंद केले, रात्री तापमान सतरावर उतरवायला लागले. सकाळी घर परत तापवायला पंप एकट्याने पुरेना, विजेचा हीटर मदतीला यायचा. शिवाय निम्मे रेडिएटर बंद, त्यामुळे पंपाला गरम पाणी टाकायला जागाच नाही. तो दहा मिनिटं चालायचा, बंद पडायचा, परत चालू. कॉम्प्रेसरला हेच सोसत नाही. जानेवारीचं बिल बघून डोकं धरलं.

पंप म्हणजे मंद आचेवरची खीर आहे. सगळे रेडिएटर पूर्ण उघडे ठेवा. बाहेरच्या थंडीप्रमाणे पाणी किती तापवायचं याची एक रेघ मशीनमध्ये असते, फक्त ती एक पायरी खाली घ्या आणि दोन दिवस थांबा. घर गार वाटलं तर परत वर. दर तासाला बटणं दाबू नका. विजेचा हीटर वर्षभरात किती तास चालला हा आकडा मशीन दाखवतं, तो महिन्यातून एकदा बघा. आमच्याकडे आता वीस-पंचवीस तासांपलीकडे जात नाही.

दुसरा आकडा वहीत लिहायचा तो बोअरमधून येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या द्रवाच्या तापमानाचा. दोघांत तीनेक अंशांचा फरक असावा. फरक वाढत गेला तर जाळीची गाळणी तुंबली असेल किंवा नळीत हवा असेल. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात पाइपमधून हुक्क्यासारखी गुडगुड सुरू झाली, हवाच होती. गाळणी काढली तर त्यात प्लास्टिकचा कीस निघाला. पहिल्या महिन्यात ती दोनदा साफ करा, पुढे वर्षातून एकदा पुरे. येणारा द्रव फेब्रुवारीअखेर आमच्याकडे शून्याच्या आसपास असतो. दर वर्षी तो उतरतच चालला असेल तर तुमचं भोक छोटं आहे, आणि मशीनच्या कुठल्याही बटणाने ते खोल होणार नाही.

उन्हाळ्यात गारवा

स्वीडनमध्ये उकडतं म्हटलं की पुण्याची मंडळी हसतात. २०१८च्या जुलैमध्ये इथली जंगलं पेटली होती, आमच्या पोटमाळ्याच्या खोलीत २९ अंश. ही घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, ती बाहेर सोडायचं त्यांना माहीतच नाही.

बोअर असेल तर ह्यावर भलतंच स्वस्त औषध आहे. जुलैत खालून नऊ ते अकरा अंशांचा द्रव येतो. त्याला पंख्याच्या एका पेटीतून फिरवायचं, बस. कॉम्प्रेसर बंदच, फक्त फिरवणारा छोटा पंप आणि पंखा चालतो, दोन्ही मिळून एका जुन्या बल्बइतकी वीज. आमची पेटी जिन्यावरच्या भिंतीवर आहे, खोल्या चोविसावर येतात. मात्र हे रेडिएटरमधून करू नका. गार पाइपांना घाम सुटतो, तो फळीखाली झिरपतो आणि वर्षभराने बुरशीचा वास येतो. पेटीला पाणी जायला नळी हवी आणि तिथवरच्या सगळ्या पाइपांवर रबरी वेष्टण, सांधेसुद्धा चिकटवलेले. हे सुरुवातीलाच कोटेशनमध्ये घ्या, मागाहून भिंत फोडावी लागते. आणि उन्हाळ्यात खाली टाकलेली ऊब हिवाळ्यात परत मिळेल, असं विक्रेते सांगतात त्यावर फार विसंबू नका. एकट्या बोअरच्या भोवती ती साठून राहत नाही, पसरून जाते.

"मग आपल्याकडे का नको?"

आण्णा २०२३च्या जूनमध्ये आले. पहिल्या दिवशी त्यांनी हिरवळीवर बोअरचं झाकण शोधलं. खडा टाकून पाणी किती खाली आहे ते ऐकायचं होतं. झाकण घट्ट बंद, वरचं पाणी आणि घाण आत जाऊ नये म्हणून ते तसंच असावं लागतं. मग पंपाच्या खोलीत जाऊन त्यांनी बोअरमधून येणाऱ्या पाइपवर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. रात्री जेवताना म्हणाले, "माझ्या चार कोरड्या बोअर पडून आहेत. त्यात नळ्या सोडल्या तर घर गार होईल?"

नाही होणार, आणि का ते त्यांना सांगितलं. जतच्या खडकात खालीच पंचविसाच्या पुढे तापमान. ते नुसतं फिरवून कोणी गार होत नाही, कॉम्प्रेसर लागणारच. इथे आम्ही आठ महिने ऊब काढतो, तिकडे बाराही महिने टाकतच राहणार, काढणार कोणी नाही. खडक वर्षागणिक तापत जाणार. त्यात आपला काळा पाषाण ग्रॅनाइटच्या मानाने उष्णता वाहून न्यायला मंद. आणि बोअर कोरड्या, म्हणजे नळीभोवती नुसती हवा. त्या खर्चात छताला पांढरा रंग, पश्चिमेला सावली आणि एक चांगला इन्व्हर्टर एसी होईल. लेहला घर असतं तर गोष्ट वेगळी होती.

त्यांना पटलं, पण चार बोअर फुकट गेल्याचं दुःख नव्याने झालं. दोन बोअरवर नुसता दगड ठेवलाय, असं बोलता बोलता निघालं. वस्तीवर लहान पोरं खेळतात. परत गेल्यावर त्यांनी चारही केसिंगवर लोखंडी टोप्या वेल्डिंग करून घेतल्या आणि फोटो पाठवला.